वादळात पडलेल्या झाडाच्या चकत्या आणि त्यांना गेलेल्या भेगा

रानजाई

गेल्या वादळात आमच्या परसातले जुने झाड मुळासकट आडवे झाले. ते वडिलांनी लावले होते, त्यामुळे त्याचे सरपण करायला मन धजावेना. घरात त्याची काही आठवण राहावी, म्हणून खोडाच्या ४ सेंटीमीटर जाडीच्या १४ चकत्या मी कापून घेतल्या. खोडाचा व्यास सुमारे ३५ सेंटीमीटर आहे. चकत्या लवकर वाळाव्यात म्हणून त्या गच्चीवर उन्हात मांडल्या आणि तीन आठवड्यांत चौदाच्या चौदा चकत्यांना कडेपासून मध्यापर्यंत भेग गेली. काहींची भेग इतकी रुंद आहे की तीत बोट जाते. सहा-सात चकत्यांची सालही सुटून आली.

अजून प्रत्येकी एक मीटर लांबीचे दोन ओंडके आणि बऱ्याच फांद्या शिल्लक आहेत. त्यांतून भिंतीवरचे घड्याळ, आरशाची चौकट, कपडे अडकवण्याच्या खुंट्या आणि एखाद्या दिव्याची बैठक करावी, असे मनात आहे. माझे प्रश्न असे : भेगा उन्हामुळेच गेल्या का? उरलेले लाकूड कसे वाचवावे? या भेगाळलेल्या चकत्यांचे काही करता येईल का?

लाकडावर काचेसारखा चकचकीत थर मला नको आहे. हात फिरवल्यावर लाकूड लागले पाहिजे, गाठी दिसल्या पाहिजेत, जमल्यास सालही राहिली पाहिजे. मात्र रांगडेपणाच्या नावाखाली दोन वर्षांत मोडकळीस येणारी वस्तूही मला करायची नाही.

गिरमिट

रानजाईताई, ऊन हे निमित्त झाले, मूळ कारण लाकडाच्या घडणीतच आहे. ओले लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही. उंचीच्या दिशेने ते जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के आकसते, मध्यापासून सालीकडे साधारण ४ टक्के आणि वर्षवलयांच्या परिघाच्या दिशेने साधारण ८ टक्के. जातीनुसार हे आकडे बदलतात, परंतु परिघाचे आकुंचन त्रिज्येच्या आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते, हे बहुतेक झाडांना लागू पडते.

आता तुमच्या चकतीचा हिशोब करून पाहा. व्यास ३५ सेंटीमीटर म्हणजे परीघ सुमारे ११० सेंटीमीटर. त्रिज्या ४ टक्क्यांनी आकसली तर परीघ त्याच प्रमाणात, म्हणजे ४.४ सेंटीमीटरने, कमी झाला की चकती अखंड राहिली असती. पण कडेचे लाकूड ८ टक्क्यांनी, म्हणजे ८.८ सेंटीमीटरने आकसू पाहते. उरलेले ४.४ सेंटीमीटर कुठून तरी यायला हवेत, आणि ते भेगेच्या रूपाने येतात. हे आकडे लाकूड पूर्ण कोरडे होईपर्यंतचे आहेत. घरातल्या हवेत ते तितके कोरडे होत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात यातले सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे तीनेक सेंटीमीटर, दिसतील. भेगेत बोट जाते असे तुम्ही लिहिले आहे, ते या हिशोबाशी जुळते.

सावलीत आणि सावकाश वाळवले असते तर लाकडाच्या तंतूंना ताण पचवायला थोडा अवसर मिळाला असता आणि काही चकत्या कदाचित वाचल्या असत्या. तथापि एवढ्या व्यासाची अखंड चकती बिनभेगेची वाळणे हा नियम नसून अपवाद आहे. उरलेल्या ओंडक्यांच्या आता चकत्या करू नका, एवढेच सांगणे आहे.

अंगणातली चिमणी

माझ्याही चकत्यांचे अगदी असेच झाले होते आणि लाकूडच वाईट निघाले, असे मी समजून चालले होते. वरचा हिशोब वाचून समाधान झाले. मग विकत मिळणाऱ्या चकत्या अखंड कशा असतात?

पाचर

चिमणीताई, त्याची दोन-तीन कारणे असतात. विकतच्या चकत्या बहुधा लहान व्यासाच्या फांद्यांच्या असतात, त्यामुळे तुटीचे माप मुळातच कमी असते. पुष्कळदा त्या भट्टीत नियंत्रित आर्द्रतेवर वाळवलेल्या असतात आणि ज्यांना भेग गेली त्या आधीच वेगळ्या काढलेल्या असतात. तिसरे म्हणजे खोड सरळ आडवे न कापता तिरके कापले की लंबगोल चकती मिळते. तिच्यात तंतू थोडे आडवे पडतात, त्यामुळे भेगेचा धोका घटतो. घड्याळासाठी लंबगोल चकती मला गोल चकतीपेक्षा अधिक शोभून दिसते, हे माझे वैयक्तिक मत.

गोलच हवी असेल तर एक जुनी युक्ती आहे. ओली चकती कापल्याबरोबर कडेपासून मध्यापर्यंत करवतीचा एक सरळ काप द्यावा. आकुंचनाची सगळी ओढ त्या एकाच ठिकाणी उघडते आणि इतरत्र लाकूड शाबूत राहते. चकती पूर्ण वाळली की त्या त्रिकोणी फटीत त्याच झाडाच्या लाकडाची पाचर बसवून सरसाने पक्की करावी.

मुद्दा भेगेचाच आहे म्हणून सांगतो. भेग हा दोषच आहे, असे मी मानत नाही. जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) यांनी आयुष्यभर झाडाची नैसर्गिक कड राखून मेजांच्या फळ्या केल्या. त्यांचे शिक्षण वास्तुरचनेचे, पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांना ज्या छावण्यांत ठेवले होते, त्यांपैकी आयडाहोतील मिनिडोका येथे एका जपानी सुताराच्या हाताखाली त्यांनी जपानी पद्धतीची सुतारी आत्मसात केली. फळीला भेग असली की ती ते लपवीत नसत. भेगेवर आडवी, फुलपाखराच्या आकाराची लाकडी पट्टी खाचेत बसवीत आणि ती पट्टी उघड दिसू देत. तुमच्या चौदापैकी ज्या चकत्यांची भेग एकच आणि सरळ आहे, त्यांच्यावर हा प्रयोग अवश्य करा.

रेघोटी

पाचर यांच्याशी निम्मी सहमती. फुलपाखरी पट्टी सुंदर दिसते, पण ती ओल्या किंवा अर्धवट वाळलेल्या लाकडावर कधीही बसवू नये. मी एकदा दोन महिन्यांच्या चकतीवर तीन पट्ट्या अतिशय मेहनतीने बसवल्या. पुढच्या कोरड्या ऋतूत लाकूड आणखी आकसले, पट्टीने भेग उघडू दिली नाही, तेव्हा शेजारीच नवी भेग पडली. दुसरे असे की नाकाशिमांचे काम उभ्या कापलेल्या फळ्यांवरचे आहे. चकतीचा पृष्ठभाग म्हणजे तंतूंची टोके. त्यांत पटाशीने स्वच्छ खाच घेणे फार अवघड जाते, कारण कडा भुगा होऊन सुटतात. पटाशी आधी वस्तऱ्यासारखी पाजळून घ्यावी लागते.

तिसरा घाट

लाकूड आकसूच नये अशीही एक पद्धत आहे. पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचे मेणासारखे रसायन पाण्यात विरघळवून त्यात ओली चकती बुडवून ठेवतात. ते पेशींच्या भिंतींत शिरून पाण्याची जागा घेते, त्यामुळे पाणी उडून गेले तरी भिंती आकसत नाहीत. स्वीडनचे वासा हे लढाऊ जहाज १६२८ साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाले आणि १९६१ साली वर काढले गेले, तेव्हा त्याच्या लाकडावर हेच रसायन १७ वर्षे फवारले होते. एरवी वाळताना ते लाकूड तडकून वेडेवाकडे झाले असते.

घरगुती कामाला मात्र मी हा मार्ग सुचवणार नाही. चकती आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवावी लागते, दमट हवेत असे लाकूड ओलसर लागते आणि त्यावर तेल किंवा लाख नीट धरत नाही. शिवाय रानजाई यांच्या चकत्या वाळून गेल्या आहेत, त्यांना आता याचा उपयोग नाही.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. गिरमिटकाका, तुमचा हिशोब कागदावर मांडून घरच्यांना दाखवला. ओंडक्यांच्या चकत्या करायच्या नाहीत, हे ठरले. मग काय करावे? तसेच ठेवले तर त्यांनाही भेगा जातील ना? आणि लाकूड वाळले हे ओळखायचे कसे? ओलावा मोजण्याचे यंत्र माझ्याकडे नाही.

गिरमिट

अखंड ओंडका ठेवला तर भेग जाणारच, कारण तोच हिशोब त्याच्याही पोटात चालू असतो. म्हणून ओंडका मधोमध उभा चिरून घ्यावा. चिरलेला अर्धा भाग वाळताना त्याचा सपाट पृष्ठभाग मध्यावर किंचित उंचावतो, कडा मागे झुकतात आणि ताण निघून जातो. त्यापुढे हव्या तशा फळ्या काढाव्यात. मधला गाभ्याचा बारीक दोरा, जिथून वलये सुरू होतात, तो कोणत्याही फळीत येऊ देऊ नये. ज्या फळीत तो असतो, ती फुटते.

आज, शक्यतो आत्ताच, करायचे काम म्हणजे ओंडक्यांची दोन्ही टोके बंद करणे. टोकांतून ओलावा बाजूंच्या मानाने १० पटींहून अधिक वेगाने बाहेर पडतो, म्हणून टोके आधी वाळतात, आधी आकसतात आणि फुटतात. वितळलेले मेण किंवा उरलेला कोणताही जाड रंग दोन हात लावला तरी पुरतो. टोकाला आधीच बारीक चिरा दिसत असतील तर तेवढा भाग कापून टाकून ताज्या कापावर रंग लावावा. फळ्या जमिनीपासून उंच, सावलीत, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या काड्या घालून रचाव्यात. काड्या एकाखाली एक सरळ रेषेत आल्या पाहिजेत, त्या पुढे-मागे झाल्या तर फळीला कायमचा बाक येतो. वरून झाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्यात आणि सर्वांत वर वजन ठेवावे.

शेवाळ

वाळल्याची परीक्षा वजनकाट्याने होते, यंत्राची गरज नाही. एक फळी निवडून तिच्यावर तारीख आणि वजन लिहा आणि दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. आधी ते भराभर उतरेल, मग सावकाश. महिनाभर ते स्थिर राहिले की त्या जागेच्या हवेशी लाकडाचा समतोल साधला, असे समजावे.

नेमका आकडा हवा असेल तर फळीच्या टोकापासून हातभर आतून एक छोटा तुकडा कापा, लगेच त्याचे वजन करा आणि भट्टीत १०३ अंश सेल्सिअसला वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवा. ओल्या वजनातून कोरडे वजन वजा करून त्या फरकाला कोरड्या वजनाने भागले आणि १०० ने गुणले की ओलाव्याची टक्केवारी मिळते. ताज्या लाकडात ती १०० च्या वरही असू शकते, कारण भागाकार कोरड्या वजनाने केलेला असतो. साधारण ३० टक्क्यांपर्यंत पेशींच्या पोकळीतले मोकळे पाणी जाते, तोवर लाकूड आकसत नाही. त्याखाली पेशींच्या भिंतींतले पाणी जाऊ लागते आणि सगळा खेळ तिथे सुरू होतो. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असलेल्या खोलीत लाकूड सुमारे ९ टक्क्यांवर स्थिरावते, ६५ टक्के असेल तर सुमारे १२ टक्क्यांवर.

एक इंच जाडीला एक वर्ष हा ठोकताळा सुतारकामात सर्वत्र ऐकू येतो. तो अंदाजापुरता बरा आहे, पण शेवटचा शब्द काट्याचा. आणि शेवटचे काही आठवडे फळी ज्या खोलीत वस्तू टांगायची आहे, त्याच खोलीत ठेवावी.

अंगणातली चिमणी

वर्षभर थांबायचे? तोवर उत्साह कसा टिकणार! रानजाईताई, फांद्यांच्या खुंट्या आधी करा. माझ्या त्याच सर्वांत टिकाऊ ठरल्या.

पाचर

चिमणीताईंची सूचना फार चांगली आहे. बोटाएवढ्या ते मनगटाएवढ्या फांद्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाळतात. खुंटीसाठी सरळ काठीला बाजूने फुटवा असलेले बेचके निवडावे. काठीचा मागचा भाग उभा चिरून सपाट केला की तोच भिंतीला टेकतो आणि फुटवा वरच्या दिशेने आकड्यासारखा येतो. बेचक्यात खोडाचे आणि फांदीचे तंतू एकमेकांत गुंफलेले असतात, त्यामुळे हा सांधा कोणत्याही चिकटवलेल्या खुंटीपेक्षा मजबूत असतो. लाकडी जहाजांच्या काळात बांध्याचे वाकडे आधार मुद्दाम अशाच नैसर्गिक वाकांतून निवडून काढीत, त्यामागचे कारण हेच.

शेवाळ

सालीचा प्रश्न राहून गेला. साल टिकणे न टिकणे हे बव्हंशी झाड केव्हा तोडले यावर ठरते. वाढीच्या दिवसांत साल आणि लाकूड यांच्यामधला वाढता थर मऊ आणि पाणीदार असतो, तेव्हा तोडलेल्या झाडाची साल वाळताना सुटते. झाड निद्रिस्त असताना तोडले तर हा थर कोरडा असतो आणि साल घट्ट धरते. तुमचे झाड वादळात पडले, म्हणजे वेळ निवडण्याची संधीच मिळाली नाही. सुटू लागलेली साल सरसाने परत चिकटवण्यात वेळ घालवू नका. ती पूर्ण काढा, तारेच्या ब्रशने हलक्या हाताने पृष्ठभाग स्वच्छ करा. सालीखालचा उंचसखल पृष्ठभाग स्वतःच इतका देखणा असतो की सालीची उणीव भासत नाही.

साल काढण्याचे दुसरेही कारण आहे. किडे तिच्याखाली आसरा घेतात. भुकटी पाडणारे भुंगे रुंद पानांच्या झाडांच्या बाहेरच्या फिकट लाकडावर जगतात, कारण त्यात पिष्ट असते. वस्तूखाली काळा कागद पसरून ठेवा. आठवड्याने त्यावर पिठासारखी बारीक, फिकट भुकटी दिसली तर किडा जिवंत आहे. जुनी छिद्रे असून भुकटी नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. लहान वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवली तर किडा आणि अळी मरते. फळ्यांना ओल्या असतानाच टाकणखाराचे द्रावण लावले तर ते आतपर्यंत मुरते.

निळी शाई

आरशाच्या चौकटीसाठी मालवाहतुकीच्या जुन्या पॅलेटच्या फळ्या का वापरत नाही? त्या वाळलेल्या असतात, उन्हापावसाने त्यांना करडा रंग आलेला असतो, आणि रांगडेपणा हवा तर तो तयार मिळतो.

रेघोटी

वापरता येतील, परंतु शिक्का पाहूनच. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या लाकडी वेष्टनांसाठी २००२ पासून आयएसपीएम १५ हे मानक आहे. पॅलेटवर गव्हाच्या कणसाचे चिन्ह आणि शेजारी रोमन अक्षरांत प्रक्रियेचा संकेत असतो. एच आणि टी ही अक्षरे असतील तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले असते, ते घरात आणायला हरकत नाही. एम आणि बी ही अक्षरे असतील तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते घेऊ नये. शिक्काच नसलेले, डागाळलेले किंवा उग्र वास येणारे पॅलेटही टाळावे, कारण त्यावर काय सांडले होते हे कळायला मार्ग नसतो. रंधा मारण्यापूर्वी प्रत्येक खिळा काढला आहे याची लोहचुंबक फिरवून खात्री करावी.

रानजाई

निळी शाई, सूचना उपयुक्त आहे, पण मला याच झाडाचे लाकूड वापरायचे आहे. ते आधी लिहिलेलेच आहे, तरी पुन्हा सांगते, कारण या सगळ्या खटाटोपाचे कारण तेच आहे.

आता शेवटच्या हाताबद्दल विचारते. एका परिचितांनी चकत्यांच्या भेगा इपॉक्सीने, म्हणजे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या राळेने, भरून वर जाड थर ओतण्याचा आग्रह धरला आहे.

गिरमिट

त्यांचा आग्रह मोडा. इपॉक्सीचे माझे वैर नाही, मेजावर ती उपयोगी आहे. पण तुम्हाला लाकूड हाताला लागायला हवे आहे आणि जाड थर नेमके तेच हिरावून घेतो. शिवाय ओलसर लाकडावर ओतलेली इपॉक्सी सुटते, एका वेळी जाड ओतली तर घट्ट होताना इतकी तापते की धूर येऊन तडे जातात, आणि सूर्यप्रकाशात ती पिवळी पडते.

माझी पद्धत जवसाच्या तेलाची. तेल पातळ हाताने लावावे, अर्ध्या तासाने जे मुरले नाही ते पुसून घ्यावे, पूर्ण वाळू द्यावे आणि असे तीन-चार हात द्यावेत. शेवटी मधमाश्यांचे मेण. कच्चे तेल वाळायला आठवडे लागतात. ‘बॉइल्ड’ म्हणून मिळणाऱ्या तेलात वाळवणारे क्षार मिसळलेले असतात, ते एक-दोन दिवसांत वाळते.

आता जे लिहितो ते कृपया वगळून पुढे जाऊ नका. हे तेल वाळते म्हणजे हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्यात उष्णता निर्माण होते. तेलाच्या चिंध्या बोळा करून ठेवल्या तर ती उष्णता साठते आणि चिंध्या आपोआप पेटतात, जवळ ठिणगीही लागत नाही. १९९१ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात एका ३८ मजली इमारतीच्या २२व्या मजल्यावर अशाच जवसाच्या तेलाच्या चिंध्यांतून आग लागली आणि अग्निशामक दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. चिंधी वापरून झाली की घराबाहेर एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळू द्यावी, किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.

पाचर

काकांच्या सूचनेला जोड देतो. तेलाने लाकूड गडद होते आणि जवसाचे तेल काळाबरोबर आणखी पिवळसर होते. फिकट रंग राखायचा असेल तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात द्यावेत. लाकडाचा पोत तसाच जाणवतो, आणि पुढे कधी खरचटले तर नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. फक्त लाखेला पाणी फार वेळ आणि स्पिरिट मुळीच सोसत नाही, म्हणून ती भिंतीवरच्या वस्तूंसाठी योग्य, मेजासाठी नव्हे.

निळी शाई

लाकडावर विजेच्या प्रवाहाने झाडाच्या मुळांसारखी जळकी नक्षी उमटवतात, तसे चित्रफितींत पाहिले. मायक्रोवेव्हच्या सुट्या भागांतून घरीच करता येते म्हणे. घड्याळाच्या तबकडीवर छान दिसेल.

तिसरा घाट

निळी शाई, कळकळीची विनंती आहे, हे करू नका. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून सुमारे २००० व्होल्ट बाहेर पडतात आणि त्यातला प्रवाह माणूस मारायला पुरेसा असतो. मिठाच्या किंवा सोड्याच्या पाण्याने लाकूड ओले केलेले असते, त्यामुळे मेजातूनही वीज वाहू शकते. स्पर्श झाला की हात आखडतो आणि सोडवता येत नाही. या नक्षीपायी अनेकांचे प्राण गेले आहेत, त्यांत अनुभवी कारागीरही होते. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या संस्थेने आपल्या कार्यक्रमांत तिचे प्रात्यक्षिक दाखवण्यावर बंदी घातली आहे.

काळ्या छटेची हौस असेल तर जपानी याकिसुगीचा मार्ग आहे. उघड्या जागी, पाण्याची बादली शेजारी ठेवून, गॅसच्या ज्योतीने पृष्ठभाग वरवर जाळावा आणि तारेच्या ब्रशने कोळसा झाडावा. वलयांतला मऊ भाग झिजून कठीण भाग वर येतो आणि रेषा बोटांना जाणवतात. सूचिपर्णी लाकडावर हा परिणाम विशेष खुलतो.

रेघोटी

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. घासताना नाकातोंडावर चांगला मास्क हवाच. लाकडाच्या भुशाचा समावेश जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत केला आहे. चकत्यांची टोके घासताना फार बारीक भुसा उडतो आणि तो तासन्‌तास हवेत तरंगत राहतो. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, अशी समजूत करून घेऊ नये. कण्हेरीसारख्या विषारी झाडाचे लाकूड तर घरकामाला घेऊच नये.

शेवाळ

हा धागा वाचून कोणी रानातले पडलेले ओंडके उचलायला निघाले असेल, तर त्यांना माझा विरोध आहे. कुजणाऱ्या ओंडक्यात बुरशी, भुंगे, गोगलगायी, सरडे आणि असंख्य जीवांचा संसार असतो, आणि त्यातूनच नव्या रोपांना माती मिळते. परसातले, रस्त्याकडेचे छाटलेले किंवा वादळाने पडलेले लाकूड पुष्कळ मिळते, ते परवानगी घेऊन वापरावे. रानजाईताई, तुमच्याही परसाच्या एका कोपऱ्यात एखादा जाड तुकडा तसाच पडू द्या.

रानजाई

(आठ महिन्यांनंतर)

धागा वर काढते आहे, कारण ज्यांनी इतक्या आस्थेने लिहिले त्यांना पुढे काय झाले हे सांगणे मला आवश्यक वाटते.

ओंडके त्याच आठवड्यात मधोमध चिरून ५ सेंटीमीटरच्या फळ्या काढल्या. टोकांना मेण लावले. जिथे मेण कमी पडले त्या एका फळीच्या टोकाला वीतभर भेग गेली, बाकीच्या सात शाबूत आहेत. शेवाळ यांच्या सांगण्याप्रमाणे एका फळीवर वजने लिहीत गेले : सुरुवातीला ११ किलो ९०० ग्रॅम, आज ८ किलो ३०० ग्रॅम. अजून आठवड्याला ३० ग्रॅम उतरते आहे.

खुंट्या सर्वांत आधी झाल्या. पाच बेचकी मिळाली, मागून चिरून सपाट केली, तेलाचे तीन हात दिले. दाराशेजारी त्या लागल्या आहेत आणि ओल्या कोटाचे वजन बिनतक्रार पेलतात. चिंध्या दोरीवर एकेक पसरून वाळवल्या. गिरमिटकाका, ती ताकीद तुम्ही दिली नसती तर मी त्या कोनाड्यात बोळा करून ठेवल्या असत्या.

भेगाळलेल्या चकत्यांपैकी नऊ दिवाणखान्यात नेऊन पाच महिने तशाच ठेवल्या. त्यांची भेग आता हलत नाही. एकीचे घड्याळ केले. भेग बारा वाजण्याच्या जागी आणली, तीत त्याच झाडाच्या गाभ्याच्या गडद लाकडाची पाचर बसवली आणि लाखेचे पाच हात दिले. फुलपाखरी पट्टी एका चकतीवर करून पाहिली. रेघोटी यांनी लिहिले तसेच झाले, कडा सुटल्या, ती चकती बाजूला ठेवली आहे.

आरशाची चौकट राहिली आहे. आरसा जड आहे, सुमारे ९ किलोचा. तो टांगण्यासाठी काय करावे?

गिरमिट

फार आनंद झाला. आरशासाठी ४५ अंशांत तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्या करा. एक तिरका काप वर ठेवून भिंतीला स्क्रूने पक्की करावी, दुसरी चौकटीच्या मागे उलटी लावावी. चौकट वरून खाली सरकवली की दोन्ही तिरपे काप एकमेकांत अडकतात आणि वजन सबंध रुंदीवर वाटले जाते. चौकटीच्या मागच्या पट्टीतले एक छिद्र गोल ठेवा, बाकीची तंतूंच्या आडव्या दिशेने लांबट करा, म्हणजे ऋतूप्रमाणे लाकूड फुगले-आकसले तरी स्क्रू त्याला अडवणार नाही. काचेभोवतीही सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा सोडा.

मात्र घाई करू नका. आठवड्याला ३० ग्रॅम उतरते आहे, म्हणजे फळी अजून वाळतेच आहे.

पाचर

घड्याळ पाहण्याची इच्छा आहे. आणि फसलेली फुलपाखरी चकती टाकू नका, त्या खाचेतून दिव्याची वायर छान जाईल.

रानजाई

छायाचित्र उद्या देते. पाचरदादा, दिव्याच्या बैठकीचे हे सुचलेच नव्हते, चकती कोनाड्यातून काढून समोर ठेवली आहे. फळ्या काड्यांवर परत रचल्या आणि पुढच्या रविवारच्या वजनासाठी रकाना आखून ठेवला. शेवाळ, परसातला जाड तुकडा तसाच आहे. त्याच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरली आहे, आणि काल त्याखालून एक सरडा निघाला.